कळण्याचं पीठ, नऊ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो मी डायेटवाला माणूस नाही. जळगावात राहतो, दिवसभर खुर्चीत बसायची नोकरी, मागच्या ऑक्टोबरात रिपोर्टमध्ये एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.3 आलं आणि डॉक्टर म्हणाले शुगर अजून नाहीये पण उंबरठ्यावर आहात, पोळ्या आणि भात जरा आवरा. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणे मग भाकरी खा, आणि आईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की साधी ज्वारीची नाही, कळण्याचीच. नोव्हेंबरपासून आज जुलै संपत आला, मधले लग्नाचे आठ-दहा दिवस सोडले तर रोज एक वेळ तरी हीच.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, ज्वारीत उडीद टाकून दळलेलं पीठ म्हणजे कळणा, आमच्या अहिराणीत कयना. काही घरात बाजरीत उडीद टाकतात. मूळ शब्द बघा, डाळ भरडली की खाली जी चुरी आणि सालपटं उरतात तो कळणा, म्हणजे डाळ विकायची आणि उरलेलं घरात भाकरीत घालायचं असा हिशोब. कळणाकोंडा खाऊन दिवस काढले असं जुनी माणसं म्हणतात ते हेच.

आणि इथेच माझी पहिली चूक झाली. किराणा दुकानातून पांढरी उडीद डाळ आणली, इडलीला वापरतात ती, म्हटलं स्वच्छ आहे, निवडायची कटकट नाही. पाच किलोचं दळण. भाकरी पांढरट झाली, हाताला चिकटायला लागली, आणि चव म्हणाल तर काहीच नाही, मेदूवड्याचं पीठ तव्यावर थापल्यासारखं. आईने एक घास घेतला आणि ताट सरकवलं, कयनामा साल कुठे शे? त्या पाच किलोची धिरडी घालून घालून ते संपवलं.

दुसऱ्या वेळी अख्खे काळे उडीद घेतले आणि फरक डोळ्याला दिसला. राखाडी पीठ, त्यात काळे बारीक ठिपके, भाजताना एक खमंग वास येतो जो नुसत्या ज्वारीला येत नाही. नंतर कुतूहल म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते बघितले, तर अख्ख्या उडदात 100 ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम तंतू म्हणजे फायबर, आणि साल काढलेल्या डाळीत 12 च्या आसपास. म्हणजे गरिबीत जे सालपट भाकरीत जात होतं तेच कामाचं होतं, आणि मी पैसे देऊन ते काढून आणलं होतं.

आमचं आता बसलेलं प्रमाण असं: 4 किलो दादर, 1 किलो काळे उडीद, दोन चमचे मेथ्या. दादर म्हणजे आपल्याकडची रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत हिवाळ्यात येते ती, हायब्रीडपेक्षा महाग पडते पण भाकरीला गोडवा तिचाच. एकदा हायब्रीडची करून बघितली, पोट भरतं, बाकी नाव नको. उडीद 3 ला 1 पण करून बघितले, भाकरी जड होते आणि पोटात गुडगुड वेगळी.

गुडगुडीबद्दल स्पष्टच बोलतो कारण हे कोणी लिहीत नाही. पहिले दोन आठवडे ऑफिसात लाज वाटावी इतका गॅस. उडदातल्या काही साखरा आपल्या आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्या खातात आणि गॅस करतात, सगळ्याच कडधान्यांचं असं आहे. मी सुरुवातीलाच दोन्ही वेळा खात होतो. एक वेळ केलं, पाणी वाढवलं, तिसऱ्या आठवड्यापासून शांत. सवय नसेल तर एकदम सुरू करू नका.

आता फायद्याचं. पण खरं सांगू का, तक्ते बघून मी जरा हिरमुसलो. ज्वारीत प्रोटीन 10 ग्रॅम, गव्हाच्या पिठात साडेदहा. फायबर 10 विरुद्ध 11. कॅलरीसुद्धा जवळपास सारख्याच, उलट ज्वारीत किंचित जास्त. म्हणजे भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरतं असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते विसरा. फरक पडतो तो उडदाने. उडदात 22 ग्रॅम प्रोटीन, त्यामुळे आमच्या 4 ला 1 पिठात ते 12 च्या वर जातं, आणि आकड्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन कमी असतं आणि उडदात ते भरपूर, उडदात जे मेथिओनिन कमी ते धान्यात मिळतं (दोन्ही प्रोटीनचेच घटक, शरीराला अन्नातूनच मिळवावे लागतात). एकमेकांची उणीव भरून निघते. आमच्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं पण वरण-भात, खिचडी, कळणा सगळीकडे जोडी बरोबर लावलेली.

मला स्वतःला जाणवलं ते भुकेचं. दोन पोळ्या-भाजीवर मला चार वाजता कचोरी आठवायची. कळण्याच्या दीड भाकरीवर सहापर्यंत निघतं. आता एक कारण हेही असेल की भाकरी चावायला वेळ लागतो, पोळी मी बोलता बोलता चार खायचो. मे मध्ये परत तपासलं, 6.0. पण त्याच काळात रोज अर्धा तास चालणं सुरू केलं आणि रात्री साडेदहाचं जेवण आठला आणलं, तेव्हा सगळं श्रेय भाकरीला देणार नाही, आणि गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये.

मिठाचं प्रकरण वेगळंच. आई दळणातच मूठभर खडा मीठ टाकायची, पद्धतच तशी आहे. एकदा काट्यावर मूठ मोजली तर 50 ग्रॅम भरली. पाच किलोला 50, म्हणजे माझ्या दीड भाकरीच्या सव्वाशे ग्रॅम पिठात सव्वा ग्रॅम मीठ, आणि डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. त्यावर ठेचा, उडदाचा पापड, आणि रविवारी शेवभाजी. घरात वडीलधारे नाना आहेत, त्यांना बीपी आहे. आता दळणात मीठ बंद, ज्याला पाहिजे त्याच्या भाकरीच्या पाण्यात चिमूटभर. गिरणीवाला पण खूश झाला, तो कधीचा कुरकुरत होता की मिठाने दगडाला ओल धरते.

भाकरी मी स्वतः शिकलो, त्यामुळे हक्काने सांगतो. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रोटीन, नसतं, पोळीसारखं लाटायला गेलात तर फाटणार. पाणी कढत घ्यायचं, एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं आणि परातीत तळहाताच्या टाचेने रगडायचं, गोळा दाबल्यावर कडेला चीर पडली नाही की झालं. उडदाच्या चिकटपणामुळे कळण्याची भाकरी थापायला उलट सोपी जाते, माझ्यासारख्या नवशिक्याची सुद्धा कड फाटत नाही. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर पापुद्रा सुटत नाही. आच नुसत्या ज्वारीपेक्षा जरा कमी, उडीद लवकर करपतो. पहिल्या महिन्यातल्या माझ्या भाकरी बघून नाना विचारायचे, हाई भाकर शे का नकाशा?

तोटे पण आहेत. गार झाली की कडक होते, डब्यात नेली तर दुपारी पापडासारखी मोडते. मुलगी सातवीत आहे, काळे ठिपके बघून तिने पहिल्या दिवशीच नकार दिला, तिला त्याच पिठात कोथिंबीर, लसूण, तीळ घालून जाडसर पुऱ्या करून देतो त्या मात्र मैत्रिणींसकट संपतात. तळण आहे, रोज नाही.

सोबत काय खाता यावर पण बरंच आहे. हिवाळ्यात भरीत, त्याला तोड नाही, आणि भरीत म्हणजे आपलं हिरवं-पांढरं मोठं वांगं, जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बाहेरच्या जांभळ्या वांग्याचं करून मला फोटो पाठवू नका. इतर दिवशी जवसाची किंवा तिळाची चटणी. जवस मात्र भाजून कुटलेलंच, अख्खं खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर. कच्चा कांदा आणि लिंबू घ्याच, धान्या-कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. आणि चहा त्याच लोहाच्या आड येतो, हे मी नानांना सांगून बघितलं, कारण ते सकाळी शिळी भाकर चहात कुस्करून खातात. त्यांनी ऐकून घेतलं, कप पुढे केला आणि म्हणाले अजून वत, म्हणजे ओत.

रेडिमेडच्या नादी एकदा लागलो. ऑनलाइन एक पाकीट मागवलं, वर शेतकऱ्याचं चित्र, खान्देशी कळणा म्हणून छापलेलं. मागे घटक वाचले तर ज्वारी, मग गव्हाचं पीठ, मग सोया, आणि सगळ्यात शेवटी उडीद. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे उडीद नावालाच. 2023 ला भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून असल्या पाकिटांना ऊत आलाय. किंमत घरच्या दळणाच्या तिप्पट.

साठवणीचं शेवटचं. हिवाळ्यात पाच किलो महिनाभर आरामात टिकलं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तीन आठवड्यांनी चवीत किंचित खवट लागलं, बाजरीचं केलं होतं ते तर आठ-दहा दिवसातच कडू, बाजरीत तेल जास्त असतं म्हणून. पावसाळ्यात डब्यात गुठळ्या आणि एकदा सोंडे. आता धान्य आणि उडीद ऊन देऊन वेगळे ठेवलेत, दळण दोन किलोच टाकतो. गिरणीत गव्हानंतर लगेच टाकू नका एवढं बघा, पहिलं मूठभर पीठ गव्हाचंच येतं. मी ज्वारीवाल्यांच्या मागे नंबर लावतो. या रविवारचं दळण आईने आत्ताच निवडून ठेवलंय आणि मेथ्या दोनाऐवजी तीन चमचे टाकल्यात, विचारलं तर म्हणे पावसाना दिन शेत, म्हणजे पावसाचे दिवस आहेत.