बेदाण्याचा कप किती ग्रॅमचा? वजनकाट्याचा 8 महिन्यांचा अनुभव

5 किलो क्षमतेचा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा 8 महिने रोज ओट्यावर आहे. साखर, तांदूळ वाटीने मोजले तरी चालून जातं. काट्याचे पैसे वसूल होतात ते सुक्यामेव्यात.

हलक्या हाताने भरलेला 240 मिलीचा कपभर बेदाणा साधारण 145 ग्रॅम भरतो. तोच बोटांनी दाबून भरला की 165. फ्रूटकेकला 3 कप लागत असतील तर इथेच 60 ग्रॅमची चूक झाली, आणि मग फळं तळाशी का बसली म्हणून ओव्हनला दोष! बदामाचं त्याहून वाईट: अख्खे 140च्या आसपास, काप मात्र कपाला जेमतेम 90. अक्रोडाच्या अख्ख्या पाकळ्या 100, तुकडे 115-120, कारण तुकड्यांमध्ये पोकळी कमी राहते. म्हणून ‘एक कप चिरलेले अक्रोड’ आणि ‘एक कप अक्रोड, चिरून’ हा फरक कृती वाचतानाच बघावा.

हे सगळे आकडे 240च्या कपाचे. बाजारात 250चे कपही मिळतात, आणि आपली वाटी तर 150 पासून 200 पर्यंत काहीही असते. रिकामी वाटी काट्यावर ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबायचं आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम तितके मिली. वाटी 180ची निघाली तर बेदाणे 145 × 180 ÷ 240, म्हणजे 109 ग्रॅम. एकदा काढून फडताळाच्या दाराला आतून चिकटवून टाकावं.

चिकट खजुराला सगळ्यात सोयीचं म्हणजे उलटं वजन. बरणीच काट्यावर ठेवून टेअर करायची आणि खजूर काढत जायचं. पडद्यावर −200 आलं की 200 ग्रॅम निघाला. वाटी बरबटत नाही. मात्र कृतीतलं वजन बियांसकट आहे की बिया काढून, हे आधी ठरवा. साधारण दहावा हिस्सा बीतच जातो. लाडवात खजूर जास्त झाला की ते बसतात, वळलेला आकार धरत नाहीत. मनुका भिजवायच्या असतील तर वजन कोरडं असतानाच.

आता काट्याच्या खोड्या. एकेक बेदाणा टाकत गेलं तर आकडा हलतच नाही, कारण काटा इतके बारीक बदल धरतच नाही. भांडं उचलून परत ठेवलं की खरं वजन दिसतं. 5 ग्रॅमच्या आतलं काही, वेलची-जायफळ वगैरे, त्यावर मोजूच नये. तिथे चमचाच बरा. 2 मिनिटांत आपोआप बंद पडतो आणि टेअर विसरतो, हा खरा वैताग. सेल उतरले की आकडे भरकटतात. शंका आली तर अर्धा लिटर दुधाची न फोडलेली पिशवी ठेवून बघायची: दूध पाण्यापेक्षा जड, त्यामुळे 515-520 यायला हवं. 500च्या खाली गेलं तर आधी सेल बदला.

मोठं ताट ठेवलं की पडदा झाकला जातो. काट्यावर आधी एक वाटी उपडी घालायची, तिच्यावर ताट, आणि मग टेअर.