कोशाच्या साडीचा खरा रंग फोटोत आणायचाय, ग्रे कार्ड घ्यावं की कलर चेकर?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडचे विणकर पोरं विचारून रायले की भाऊ, साडीचा रंग फोटोत जसाच्या तसा काहून येत नाही, ग्रे कार्ड (एकसारख्या करड्या रंगाचं कार्ड) घेऊ की तो 24 चौकोनांचा कलर चेकर. मी कोशाच्याच साड्या शूट करतो, म्हणून सांगतो.

मूळ, म्हणजे न रंगवलेला कोसा (टसर रेशीम) मधाच्या रंगाचा. फ्रेमभर तोच असला की मोबाईलच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाची झाक आपोआप काढणारी सेटिंग) वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो पिवळा कापतो अन् साडी राखाडी पडते. मागच्या दिवाळीत माझ्या फोटोवरून गेलेली एक साडी परत आली, ताई म्हणाल्या फोटोत फिकी होती, ही तर पिवळी आहे, अन् त्यांचं बरोबरच होतं. त्या साडीमागे विणकराचे किती दिवस गेलेले असतात, लय वाईट वाटलं.

ग्रे कार्ड काही शे रुपयांत येतं. साडीवर ठेवून एक फोटो रॉमध्ये काढायचा (रॉ म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेली फाइल, बऱ्याच मोबाईलच्या प्रो मोडमध्ये असते), लाइटरूम ॲपमध्ये आयड्रॉपरने (रंग उचलायचं टूल) कार्डावर टच करायचं अन् तोच बॅलन्स बाकीच्या फोटोंना लावायचा, फक्त उजेड बदलला की कार्डाचा फोटो पुन्हा. कार्डाच्या जागी झेरॉक्सचा पांढरा कागद नका ठेवू, त्यात चमक आणणारं केमिकल असतं, ते उन्हाच्या उजेडात निळसर चमकतं, अन् त्यावरून बॅलन्स केला की कोसा उलट जास्तच पिवळा होतो.

पण ग्रे कार्ड फक्त उजेडाची झाक काढतं. करवती काठाचा (करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा काठ) गडद लाल केशरीकडे सरकला, जांभळा निळा दिसला, तर ते त्याच्या हातात नाही. तिथं कलर चेकर लागतो. त्याच्या प्रत्येक चौकोनाचा रंग आधीच मोजलेला असतो, तुमच्या कॅमेऱ्याला तो कसा दिसला ते सॉफ्टवेअर ताडून पाहतं अन् त्या कॅमेऱ्याचं, त्या उजेडाचं प्रोफाइल, म्हणजे रंग दुरुस्त करायची फाइल बनवतं. किंमत हजारांत जाते, अन् चौकोनांचे रंग काही वर्षांत उडतात, मग नवा घ्या.

उजेड भेसळीचा असला, म्हणजे एका बाजूनं खिडकी अन् वर एलईडी, तर दोन्ही बेकार. बल्ब बंद करा, सकाळी ओसरीत सावलीला साडी पसरा, कडुलिंबाखाली नको, पानांची हिरवी झाक येते, अन् निळीच्या भिंतीजवळही नको. रात्रीच शूट करायचं असेल तर 90 च्या वर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) असलेला बल्ब पायजे. फोटो सेव्ह करताना कलर स्पेस एसआरजीबीच (मोबाईल-वेबवरची नेहमीची रंगपद्धत) ठेवा, नाहीतर गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर रंग मेलेले दिसू शकतात.

महिन्याला दहा-वीस साड्या, तेही नुसता मूळ कोसा असेल तर ग्रे कार्डच घ्या. रंगवलेल्या साड्या रोजच्या असतील, कॅमेरा एकच असेल, तर तिघाचौघांनी मिळून एक कलर चेकर घ्या.