पंधरा आलं म्हणजे अदृश्य? लपण्याच्या नव्या नियमांसोबत नऊ महिने

नऊ महिने, पंधरवड्याला एक सत्र, चार खेळाडू आणि पडद्याआड खेळ चालवणारी मी, म्हणजे डीएम. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे आणि कल्पनेवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची २०२४ ची नियमावली हातात आली तेव्हा आमची मोहीम अर्ध्यावर होती. तशीच ती नव्या नियमांवर आणली. शस्त्रं, जादू, पात्रांचे वर्ग हे सगळं दोन-तीन सत्रांत अंगवळणी पडलं. लपणं मात्र आजही प्रत्येक वेळी वाद घेऊनच येतं. म्हणून हा अनुभव तेवढ्याचाच, स्टेल्थ (दबकून लपण्याचं कौशल्य) आणि परसेप्शन (हेरण्याचं कौशल्य) यांचा.

आधी जुनं दुखणं सांगते. २०१४ च्या पुस्तकात लपण्याची चौकट सातव्या प्रकरणात, उजेड-अंधार आठव्यात आणि न दिसणाऱ्या हल्लेखोराचा फायदा नवव्यात. तिन्ही पानांना खुणा लावूनही भर लढाईत मला हवं ते कधी सापडलं नाही. स्पष्ट दिसत असाल तर लपता येत नाही, बाकी परिस्थिती योग्य आहे का ते डीएमने ठरवायचं. म्हणजे सगळा भार माझ्यावर. एकदा आमच्या रोगचा (rogue, म्हणजे चोरटं पात्र) वीस बाजूंचा फासा आणि कौशल्याची भर धरून एकूण बारा झाले आणि पहारेकऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायचा त्याचा ठरलेला आकडा) तेही बाराच. बरोबरी झाली तर जिंकलं कोण, यावर आम्ही जेवढा वेळ घालवला तेवढ्यात ती गढी लुटून झाली असती.

नवा नियम त्या मानाने एका दमात सांगता येतो. दाट अंधार किंवा धुकं हवं, नाहीतर किमान तीन चतुर्थांश आडोसा हवा, आणि कुठल्याही शत्रूच्या थेट नजरेत असता कामा नये. मग स्टेल्थचा फासा टाकायचा. पंधरा किंवा जास्त आलं की तुम्ही लपलात. जे एकूण आलं तेच तुम्हाला शोधणाऱ्याचं लक्ष्य. तेवीस आले असतील तर शोधणाऱ्याला परसेप्शनमध्ये तेवीस गाठावे लागतात. समोर किती जण आहेत, कोणाचं पॅसिव्ह किती, हे लपताना बघायचंच नाही. एका फेरीत सहा गॉब्लिन आणि दोन लांडगे हाताळणाऱ्या माणसाला हे किती सुखाचं वाटतं ते विचारू नका. आमच्या रोगला स्टेल्थमध्ये अधिक नऊ आहेत, म्हणजे फाशावर सहा आले तरी पुरे: शंभरात पंच्याहत्तर वेळा ती लपतेच. पॅलाडिनला, म्हणजे आमच्या चिलखती धर्मयोद्ध्याला, वजा एक आणि वर पोलादी चिलखताचा डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान तो धरायचा), त्यामुळे त्याचं प्रमाण शंभरात जेमतेम सहा. दोघांनाही हे रास्त वाटलं. पॅलाडिनला जरा कमी वाटलं.

इथपर्यंत पाचपैकी पाच. घोळ पुढच्या शब्दात आहे. यशस्वी लपणाऱ्याला नियम जी अवस्था देतो तिचं नाव चक्क 'इन्व्हिजिबल', म्हणजे अदृश्य.

तिसऱ्याच सत्रात ते अंगलट आलं. गढीचं अंगण, साठ फूट मोकळं. फाटकाशी दोन पहारेकरी, भिंतीवर एक मशाल. मशालीचा लख्ख उजेड वीस फूट, पुढचे वीस फूट मंद. रोग पिंपांच्या मागे लपली, एकूण तेवीस. मग तिने शांतपणे आपलं प्यादं उचललं आणि अंगणाच्या मधून फाटकाकडे सरकवायला लागली.

मी म्हटलं, "अगं, उजेडातून? त्यांच्या समोरून?"

"मी अदृश्य आहे ना. ही अवस्था कधी संपते ते वाचून दाखवू?" आणि तिने वाचून दाखवलं: कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूला सापडलात, हल्ल्याचा फासा टाकला, किंवा तोंडाने मंत्र म्हटला. "चालत गेल्याने संपते असं कुठे लिहिलंय?"

खरंच लिहिलेलं नाही. पंचवीस मिनिटं गेली. एकाचं म्हणणं, शत्रूने आपली पाळी खर्चून शोधायची अ‍ॅक्शन घेऊन तेवीस गाठले तरच 'सापडली' म्हणायचं. दुसऱ्याचं म्हणणं, डोळ्यांसमोर उभ्या माणसाला शोधायला अ‍ॅक्शन कशाला लागते? मी त्या दिवशी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला आणि तोच आजवर टिकला आहे. 'सापडणं' या शब्दात साधं दिसणंही येतं, असा माझा अर्थ. आडोसा गेला, उजेड आहे आणि कोणीतरी त्याच दिशेला बघतंय, तर फासा नाही, काही नाही, सापडलात. पण पहारेकरी पाठमोरा असेल, भांडणात गुंतला असेल, किंवा तुम्ही एका दमात आडोशातून झेपावून वार करणार असाल, तर अवस्था तशीच राहते आणि पहिल्या वाराला दोन फाशांतला मोठा धरायचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. रोगने हे मान्य केलं. पुढच्या वेळी तिने आधी मशालीवर पाण्याची बादली ओतली. या नियमाने आम्हाला दिलेला सगळ्यात चांगला क्षण तोच.

तरीही तो शब्द मला खटकतोच. अदृश्य माणसं दिसण्याचा मंत्र मारलेल्या जादूगाराला पिंपामागचा माणूसही दिसतो का, हा प्रश्न आमच्याकडे गंमत म्हणून आला आणि गंभीर होऊन बसला. पिंपातून आरपार दिसत नाही, एवढं सांगून मी सुटले.

यावर मला औषध सापडलं ते दुसऱ्याच खेळात. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत लपण्याच्या पायऱ्याच केल्या आहेत. तुम्ही दिसताय. किंवा दिसत नाही, पण कुठल्या चौकोनात आहात ते कळतंय. किंवा आहात हे माहीत आहे, कुठे ते माहीत नाही. किंवा तुम्ही आहात याचाच पत्ता नाही. दुसऱ्या पायरीवरच्या माणसावर वार करायचा तर आधी नुसत्या फाशावर अकरा आणावे लागतात, म्हणजे निम्मे वार हवेत. त्यांचे बाकीचे नियम मी घेतले नाहीत, आमच्या टेबलाला ते जड झाले असते. पण या चार पायऱ्यांचे चार रंगीत मणी केले आणि प्याद्यांच्या शेजारी ठेवायला लागले. "तो लपलाय का?" हा प्रश्नच बंद झाला. आता प्रश्न असतो "कोणाला काय माहीत आहे?", आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा फाशाशिवाय देता येतं.

पॅसिव्ह परसेप्शनबद्दल माझी तक्रार जुनीच आहे, नव्या पुस्तकाने ती मिटवलेली नाही. आमच्या ड्रुइडचं (निसर्गाची जादू करणारं पात्र) पॅसिव्ह सतरा. चोरदाराचं लक्ष्य मी पंधरा ठेवलं तर ते तिला दिसणारच, अठरा ठेवलं तर आपसूक दिसणार नाहीच. म्हणजे घरी बसून आकडा लिहिला त्याच क्षणी मी निकाल लावला. आणि "सगळ्यांनी परसेप्शन टाका" म्हणावं, तर कोणालाच काही दिसलं नाही तरी चौघंही तलवारी उपसून बसतात. आता मी पॅसिव्हवर निकाल देत नाही, सुगावा देते: धुळीत अर्धवर्तुळाकार ओरखडा आहे, या कोपऱ्यात गार झुळूक लागते. त्याचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

उजेडाचा नियम मी कित्येक महिने चुकीचा चालवत होते, तेही कबूल करते. मंद उजेडात डोळ्यांनी बघण्याच्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे पॅसिव्हमधून पाच वजा. बाराचा पहारेकरी सातावर येतो. आणि डार्कव्हिजनवाल्यांना, म्हणजे अंधारात बघू शकणाऱ्यांना, मिट्ट काळोख मंद उजेडासारखा दिसतो, म्हणून तिथे त्यांचेही पाच जातात. आमच्या टेबलावर डार्कव्हिजन म्हणजे दुर्बीण असा समज होता. तो गेल्यापासून माणसांच्या टोळीला अंधारात बघणाऱ्या एल्फांच्या रानात शिरायचं धाडस झालं.

अख्ख्या टोळीने दबकत जायचं असेल तर प्रत्येकाचा वेगळा फासा कधीच मागू नका. चौघांना प्रत्येकी पासष्ट टक्के संधी असली तरी चौघंही निसटण्याची शक्यता अठरा टक्क्यांच्या आसपास उरते. निम्मे यशस्वी तर सगळे यशस्वी, असा गटाचा फासा धरला की तीच सत्त्याऐंशीवर जाते. शिवाय तो फासा मी निघताना मागत नाही. पहिल्यांदा कोणाला चाहूल लागण्याची वेळ येते तेव्हाच मागते. तोवर आपण नीट लपलोय की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि दोन आलेत म्हणून परत फिरायची सोयही राहत नाही.

अचानक हल्ल्याचं थोडक्यात: पूर्वी बेसावध सापडलेल्याची पहिली पाळीच वाया जायची, आता फक्त इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला, डिसअ‍ॅडव्हान्टेज. रोग अजून रुसलेली आहे. मी खूश आहे, कारण माझे खलनायक आता निदान एक वाक्य बोलून मरतात.

पॅलाडिनने मागच्या सत्रात रात्रीच्या कामगिरीसाठी चिलखत उतरवून ठेवलं. ते उतरवायला नियमाप्रमाणे पाच मिनिटं लागतात आणि चढवायला दहा, हे त्याला फाटकाच्या आत पोचल्यावर आठवलं.