अशनीच्या लोखंडाची सुरी: पात्यात हवी की मुठीत?

ग्रीक पुराणकथांवर बेतलेली, आकाशातून पडलेल्या लोखंडाची हातघडाईची सुरी घ्यायची म्हटलं की मुख्यतः दोन प्रकार समोर येतात. एकात अशनीचं लोखंड पात्यातच घडवलेलं असतं. दुसऱ्यात पातं पोलादाचं आणि अशनीची चकती मुठीत बसवलेली. फोटोत दोन्ही देखण्या. ठाण्यात राहणाऱ्याने मात्र दोन गोष्टी ताडून मग ठरवावं: आग आणि पावसाळा.

आधी आग. लोह-अशनी कापून, घासून त्यावर आम्ल लावलं की एकमेकींना छेदणाऱ्या सरळ पट्ट्यांची नक्षी उमटते. तिला विडमनस्टॅटन नक्षी म्हणतात. अशनी लाखो वर्षं सावकाश थंड होताना कमी आणि जास्त निकेलचं लोखंड वेगवेगळं झालं, त्यातून ती घडली. लोहाराला ती तयार करता येत नाही. उलट अशनी भट्टीत तापवून घणाखाली घेतली की ती पुसली जाते. घडवलेल्या पात्यावर दिसतात त्या लोहाराने घड्या घालून काढलेल्या थरांच्या लाटा. त्याही सुंदर असतात, पण विक्रेता त्यांनाच अंतराळातली मूळ नक्षी म्हणून विकत असेल तर तिथून उठावं. मूळ नक्षीच हवी असेल तर मुठीतली चकती घ्या.

धारेचं गणित वेगळं. अशनीत कार्बन जवळपास नसतोच, त्यामुळे पाणी देऊनही, म्हणजे तापवून पाण्यात बुडवूनही, ती पोलादासारखी कडक होत नाही. म्हणून चांगला कारागीर मधे जास्त कार्बनचं पोलाद ठेवतो आणि दोन्ही अंगांना अशनीचे थर जोडतो. धार पोलादाची, अंग अशनीचं. ही अडचण जुनीच आहे. १६२१ साली जालंधरजवळ पडलेली अशनी जहांगीर बादशहाने उस्ताद दाऊदकडे सोपवली, तेव्हा नुसती अशनी घणाखाली टिकेना. मग तीन भाग अशनीत एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी झाली. ती सुरी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.

ग्रीक कथेच्या बाबतीत माझा कौल सरळ पात्याच्या बाजूने. मुठीवर मेदूसाचं, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचं, डोकं कोरणं सोपं आहे. पण ग्रीक वीर पर्सियसने ते डोकं उडवलं ते हार्पेने, आकड्यासारखा बाक असलेल्या शस्त्राने. तो बाक पात्यात उतरला तरच कथा हातात येते. आणि हेफायस्टस हा तर भट्टीचाच देव. त्याच्या नावाची सुरी आगीतून गेलेली नको?

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर खाडीवरची दमट हवा घरात मुक्कामाला असते. अनेक अशनींत क्लोराइड असतं, ते ओल धरतं आणि गंज आतून फुटतो. पात्यावर तांबूस ठिपका दिसला तर पुसून तेलाचा हात फिरवता येतो. चकतीच्या मागे, मुठीच्या खाचेत धरलेला गंज कळतो तेव्हा चकती उचलायला लागलेली असते. चामड्याच्या म्यानात सुरी ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. खंडेनवमीला ओलं हळद-कुंकू वाहिलं तर पूजा उतरवतानाच पुसून घ्या.

पैसे देण्याआधी अशनीचं नाव विचारा. अर्जेंटिनाची काम्पो देल सिएलो लवकर गंजते. नामिबियाची गिबिऑन त्या मानाने टिकाऊ, पण तिथे ती संरक्षित वारसा आहे, त्यामुळे तुकडा कायदेशीररीत्या देशाबाहेर आल्याचा कागद मागाच. घडवण्याआधीच्या तुकड्याचे फोटोही मागवा. लांबीही आधी विचारा: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घरगुती वापराचं नसेल तर शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकतं.

काचेच्या कपाटात ठेवून नक्षी बघत बसायची असेल तर चकतीवाली घ्या, पाठीमागून नीट सील केलेली. हातात धरायची, अधूनमधून फळ कापायचं असेल तर पोलादी गाभ्याचं अशनीचं पातं घ्या. मी ठाण्यातल्या घरासाठी हेच सुचवेन.