शिबंदी सांभाळण्याचा खेळ : 'बॅटल ब्रदर्स'

भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचा, म्हणजे शिबंदीचा, कारभार आणि तिच्या लढाया या दोन गोष्टी एकाच हिशेबात बसवणारे संगणकीय खेळ मोजकेच आहेत, आणि त्यांत 'बॅटल ब्रदर्स' हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातल्या ओव्हरहाइप स्टुडिओज या छोट्या चमूने तो तयार केला. २०१५ मध्ये तो अपूर्ण स्वरूपात खेळाडूंच्या हाती आला आणि मार्च २०१७ मध्ये पूर्ण झाला. इतक्या वर्षांनंतरही त्याची शिफारस करावीशी वाटते, याचे कारण त्याच्या चित्रांत किंवा कथेत नसून त्याच्या हिशेबात आहे.

मध्ययुगीन युरोपाच्या धर्तीवर रचलेला एक काल्पनिक मुलूख, ज्याचा नकाशा दर वेळी नव्याने तयार होतो, त्यात आपण एका पथकाचे प्रमुख असतो. नेहमीच्या सुरुवातीत पथकातले तीनच लढवय्ये जिवंत उरलेले असतात. गावोगावी फिरून कामे घ्यायची, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याला सोबत करायची, दरोडेखोरांचा अड्डा मोडायचा किंवा स्मशानातून उठलेल्या मुडद्यांचा बंदोबस्त करायचा, आणि मिळालेल्या पैशांत माणसे, अन्न, शस्त्रे व औषधपाणी भागवायचे. पथकात जास्तीत जास्त वीस माणसे ठेवता येतात आणि त्यांपैकी बाराच मैदानात उतरतात.

भरती हा या खेळाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. प्रत्येक गावात कामाच्या शोधात बसलेली माणसे भेटतात : शेतमजूर, कोळी, खाटीक, लाकूडतोड्या, भिकारी, मठातला साधू, घरातून हाकललेला सरदारपुत्र. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा सालदार (वर्षभराचा गडी) ठरवताना शेतकरी त्याची अंगकाठी, आधीचे काम, व्यसन आणि त्याने मागितलेली रक्कम यांचा जसा एकत्र विचार करतो, तसाच विचार येथे करावा लागतो. थोडे पैसे मोजून माणसाची आधी पारख करता येते. मग कळते की धिप्पाड दिसणारा शेतमजूर दम्याचा रोगी आहे, किंवा स्वस्तात मिळणारा कोळी छातीचा मोठा धाडसी आहे. घाव सोसण्याची ताकद, दम, हिंमत, चपळाई, जवळून लढण्याचे व दुरून नेम धरण्याचे कौशल्य आणि या दोन्ही प्रकारच्या हल्ल्यांपासूनचा बचाव असे आठ गुण प्रत्येकाला असतात, त्यांपैकी तीन गुणांत त्याला उपजत गती असते, आणि अनुभवाची पायरी चढताना दर वेळी तीनच गुण वाढवता येतात. म्हणून महागडा सरदारपुत्र सामान्य निघतो आणि गोणपाट पांघरून आलेला मजूर काही महिन्यांत पथकाचा आधारस्तंभ होतो, असे वारंवार घडते. अशा माणसाचे नाव आपल्या लक्षात राहते, आणि तो पडला तर तो कायमचाच गेलेला असतो.

लढाई षटकोनी घरांच्या मैदानावर, पाळीपाळीने होते. प्रत्येकाला एका पाळीत हालचालीचे नऊ अंक खर्च करता येतात. चालणे, वार करणे, ढाल उचलणे या सर्वांची किंमत त्यातूनच जाते, आणि शिवाय प्रत्येक हालचालीने दमही लागतो. जाड चिलखत जीव वाचवते, पण दम लवकर संपवते, ही गोष्ट खेळ कधीच विसरू देत नाही. टेकडीवर उभे असल्यास वार लागण्याची शक्यता वाढते, एकाच शत्रूला अनेकांनी घेरल्यास ती आणखी वाढते, आणि शत्रूवर माउसचे निशाण नेले की ही सारी कारणे समोर स्पष्ट लिहून येतात. भालाईतांची रांग पुढे रोखून ठेवली तर धावून येणाऱ्याला जवळ यायलाच मार खावा लागतो. कुऱ्हाडीने समोरच्याची ढाल फोडता येते. साखळीचा सोटा ढालीला वळसा घालून लागतो. शस्त्रांतला हा फरक केवळ आकड्यांचा नाही, त्यामुळे बारा जणांना कोणत्या क्रमाने उभे करावे याचा विचार प्रत्येक शत्रूगणिक बदलतो.

कारभार आणि लढाई यांची गाठ कशी घट्ट बसली आहे, हे सांगायला एकच प्रसंग पुरेसा आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या चांगल्या चिलखतात असतो आणि सुरुवातीच्या काळात तसे चिलखत बाजारातून विकत घेणे आपल्याला परवडत नाही. कुऱ्हाडीने किंवा गदेने तो लवकर पडतो, परंतु चिलखताच्या चिंध्या होतात. म्हणून त्याचे साथीदार संपल्यावर त्याला चारी बाजूंनी घेरायचे, ढाली वर धरायच्या, आणि दोन जणांनी खंजीर काढून चिलखताच्या फटींतून वार करत राहायचे. हे वार बऱ्याचदा चुकतात, तोवर म्होरक्याची तलवार चालूच असते, आणि एका चिलखतासाठी आपण आपल्या माणसांचा जीव धोक्यात घालत आहोत याची जाणीव प्रत्येक पाळीला होत राहते. चिलखत मिळाले तर पुढच्या मोहिमेत कुणाचा तरी जीव वाचणार असतो. इतका सरळ आणि इतका कठीण निर्णय फार थोड्या खेळांनी माझ्यासमोर ठेवला आहे.

रोजचा पगार हा दुसरा काच. अनुभव वाढला की पगार वाढतो. पगार थकला की माणसे नाराज होतात आणि अखेर पथक सोडून जातात. एखाद्याचा डोळा गेला किंवा गुडघा कायमचा निकामी झाला, तर त्याला ठेवायचे की नाही हे आपणच ठरवायचे, आणि भरपाई न देता काढून टाकले तर बाकीच्यांचे मन खट्टू होते. थाळनेरला तापीकाठच्या किल्ल्याचे अवशेष पाहताना मला हा खेळ अनेकदा आठवतो, कारण १८१८ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला घेतला तेव्हा आत लढत होती ती मुख्यतः अरबांची शिबंदी. किल्लेदाराला फाशी दिले गेले आणि शिबंदीची कत्तल झाली. त्याच वर्षी मालेगावचा किल्लाही अरबांनीच लढवला. इतिहासात अशा शिपायांची संख्या तेवढी उरते, नावे उरत नाहीत. या खेळात मात्र मेलेल्या प्रत्येकाची नोंद एका वेगळ्या पानावर राहते : नाव, पथकात काढलेले दिवस, किती लढाया, किती शत्रू मारले आणि मृत्यू कसा आला. ते पान मला खेळातले सर्वांत गंभीर पान वाटते.

दोषही सांगायला हवेत. वार लागण्याची शक्यता कितीही वाढवली तरी ती शेकडा पंचाण्णवच्या वर जात नाही, आणि उरलेल्या पाचांत चांगली माणसे जातात. ज्यांना नशिबाचा हा वाटा सहन होत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. मधल्या टप्प्यात कामांचा तोच तोपणा जाणवतो. पुढे सरदारांचे आपसातले युद्ध, हिरव्या कातडीच्या टोळ्यांची स्वारी किंवा मुडद्यांचा उठाव यांपैकी एखादे संकट साऱ्या मुलखावर येते आणि खेळात पुन्हा प्राण येतो, पण तिथवर पोहोचायला चिकाटी लागते. शिकवणी अगदी त्रोटक आहे. मजकूर भरपूर आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना पहिले काही दिवस शब्दकोश जवळ ठेवावा लागेल. चित्रे सपाट आहेत, आणि सैनिक पटावरच्या सोंगट्यांसारखे, कमरेखाली पायच नसलेले दिसतात. ते मला काही तासांतच खटकेनासे झाले.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सोयीची गोष्ट अशी की या खेळाला महागडा संगणक लागत नाही आणि एकट्याने खेळायचा असल्यामुळे लढाईच्या मध्यात इंटरनेट गेले तरी काही बिघडत नाही. शहादा किंवा चोपड्याच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. लढाईची आणि अर्थकारणाची काठिण्यपातळी स्वतंत्रपणे निवडता येते. नवख्याने दोन्ही सर्वांत खालच्या ठेवाव्यात आणि आधी जतन केलेल्या टप्प्यावर परत जाण्याची मुभा काढून घेणारा 'आयर्नमॅन' हा पर्याय पहिल्या खेपेला बंदच ठेवावा. पुरवण्या, म्हणजे खेळात भर घालणारे वेगळे भाग, मूळ खेळ पुरेसा खेळून झाल्यावरच घ्याव्यात. त्यांत २०१९ ची 'वॉरियर्स ऑफ द नॉर्थ' आधी घ्यावी, कारण तिच्यामुळे पथकाची सुरुवात वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर करता येते. २०२० च्या 'ब्लेझिंग डेझर्ट्स'मध्ये दक्षिणेकडची वाळवंटी नगरराज्ये आणि त्यांतले आखाडे येतात, परंतु तेथील शत्रू चांगलेच चिवट आहेत, तेव्हा ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या पथकासाठी राखून ठेवणे उत्तम.