ट्रेलरचा रॅम्प : चॅनेल, बॉक्स पाईप की अ‍ॅल्युमिनियम?

चार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायच्या रॅम्पची जोडी करायला टाकली तेव्हा मेस्त्रींना मी एकच विचारलं होतं, "वजन पेलंल न्हवं?" ते हसले. म्हणाले, "चॅनेल घालतो. हत्ती चढवा." (चॅनेल म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं लोखंड.) शब्दाला जागले. ती जोडी आजही सरळ आहे, कुठं पोचा नाही की वाक नाही. फक्त ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. एकेक रॅम्प ३६ किलोचा, आणि तो उचलायला घरातलं कुणी तयार नाही.

आमचा मिनी ट्रॅक्टर उसाच्या आंतरमशागतीला भाड्यानं फिरतो. जवळचं शेत असलं तर चालत जातो. मुरगूड-गारगोटीकडं निघाला तर पिकअपमागच्या ट्रेलरवर. एका फेरीत तो दोनदा चढतो, दोनदा उतरतो. दर वेळी दोन रॅम्प लावायचे आणि दोन काढून ठेवायचे. म्हणजे सोळा उचली. सोळा गुणिले छत्तीस, ५७६ किलो. ट्रॅक्टरच भरतो साधारण ८०० किलो. त्याचा पाऊण हिस्सा रोज माझ्या कमरेनं उचलायचा. दुसरी जोडी करायची ठरल्यावर मी हा हिशोब आधी मांडला आणि मग बाकीचं बघितलं. तुम्हीही असंच करा, कारण रॅम्प पेलणारा करणं कुठल्याही मेस्त्रीला जमतं. पेलणारा आणि एकट्यानं उचलता येणारा करायचा असेल तर आधी कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

पहिल्यांदा लांबी ठरवा. माझ्या ट्रेलरचा हौदा जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. दीड मीटरचा रॅम्प लावला तर चढ साडेतेवीस अंशांचा होतो, २.१ मीटरला साडेसोळा, २.४ मीटरला साडेचौदा. दीड मीटरचा रॅम्प हलका असतो, दुकानदारही तोच पुढं करतो. पण मागच्या चाकांवर चालणारा ट्रॅक्टर तेवढ्या चढावर तोंड वर करतो, आणि ते एकदा बघितलं की पुन्हा हौस राहत नाही. उलट लांबी वाढवत गेलात तर रॅम्पचं वजन वाढतं, शिवाय मधोमध वाकवणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. मी २.१ वर थांबलो. गाडीसाठी करणार असाल तर मात्र २.४ किंवा जास्तच धरा, नाहीतर पुढचा बंपर तळाला घासेल किंवा वरच्या कडेवर पोट टेकेल.

आता भार. चढताना ट्रॅक्टरचं वजन मागं सरकतं, त्यामुळं मागच्या दोन चाकांवर मिळून साधारण ५५० किलो येतात, एका रॅम्पवर २७५. चाक चढताना दणका बसतो, कधी अर्ध्यावर ब्रेक लागतो, कधी ट्रेलर एका बाजूला कलतो, म्हणून ते दुप्पट धरायचे. ५५० किलो, रॅम्पच्या बरोबर मध्यावर. यावरून वाकण्याला किती विरोध हवा ते निघतं. इंजिनिअर त्याला सेक्शन मॉड्युलस म्हणतात आणि तो स्टीलच्या प्रत्येक तक्त्यात छापलेला असतो. माझ्या रॅम्पला साध्या लोखंडात सतरा-साडेसतरा घन सेंटिमीटर पुरत होता.

या आकड्यावर माझी जुनी जोडी तपासली तेव्हा हसावं की रडावं कळेना. एका रॅम्पमध्ये ७५ मिलिमीटरचे दोन चॅनेल उभे. दोन्हींचा मिळून मॉड्युलस चाळिसाच्या घरात. गरजेच्या दुपटीहून जास्त. मीटरला सात किलोच्या वर वजन, म्हणजे नुसत्या दोन बाजूच तीस किलो. मेस्त्रींची चूक नाही, मी हत्तीची ऑर्डर दिली होती.

चॅनेलचा आणखी एक प्रकार बघायला मिळतो : रुंद चॅनेल आडवा, पन्हळीसारखा टाकायचा आणि चाक त्यात चालवायचं. दिसायला फार सोपं, वेल्डिंगही कमी. पण चॅनेलची ताकद उभं राहण्यात आहे. १०० मिलिमीटरचा चॅनेल उभा असताना जेवढं पेलतो, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंच आडवा पेलतो. मोटारसायकल चढवायची असेल तर चालेल. ट्रॅक्टरसाठी कुणी सुचवला तर चहा पिऊन निघा.

बॉक्स पाईपनं, म्हणजे चौकोनी पोकळ पाईपनं, माझं काम झालं. ६० बाय ४० चा, २.९ मिलिमीटर जाडीचा पाईप, ६० ची बाजू उभी. दोन पाईप मिळून मॉड्युलस साडेसतराच्या आसपास, म्हणजे हवा तेवढाच. मीटरला चार किलोच्या थोडं वर, दोन बाजूंचे सव्वासतरा किलो. वर २५ बाय २५ बाय ३ च्या अँगलच्या (एल आकाराच्या पट्टीच्या) तेरा पायऱ्या, सव्वाचार किलो. वरचा हुक, खालची पट्टी धरून चोवीसच्या आत. चॅनेलपेक्षा बारा किलो कमी, तेच लोखंड, तोच मेस्त्री.

पाईप घेताना मात्र काट्यावर विश्वास ठेवा, तोंडावर नको. "तीनचाच आहे" म्हणून अडीचचा पाईप गळ्यात मारला जातो. माझ्याही मारला होता. ६० बाय ४० बाय २.९ ची सहा मीटरची पूर्ण लांबी पावणेपंचवीस किलोच्या आसपास भरली पाहिजे. एकवीस-बावीस भरली तर परत करा. पाईपची जाडी कमी असल्यानं जाड वेल्डिंग रॉडनं भोक पडतं, म्हणून सीओटू वेल्डिंग (गॅस सोडून बारीक तारेनं केलेलं) करणारा बघा. पायऱ्या पाईपच्या वरच्या अंगालाच जोडून घ्या. वजन आलं की पाईपचं खालचं अंग ताणलं जातं, तिथं आडवं वेल्डिंग मारलं तर चीर तिथूनच सुरू होते. आणि पाईपची तोंडं बंद करायला विसरू नका. आपल्याकडचा पाऊस पाईपच्या पोटात शिरला की बाहेरचा रंग शाबूत आणि आतून पापुद्रे, अशी गत होते.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल लोक एक तर हळहळतात नाहीतर हसतात. खरं सांगायचं तर रोज धंद्यावर फिरणाऱ्या माणसाला तेच योग्य आहे. ७६ बाय ३८ बाय ३ चे ६०६१ टी६ ग्रेडचे दोन बॉक्स घेतले तर २.१ मीटरच्या दोन बाजू साडेसात किलोच्या आत बसतात. पायऱ्या, बोल्ट आणि लोखंडी हुक धरून रॅम्प बारा-तेरा किलोचा. एका हातानं निघतो. किलोचा भाव लोखंडाच्या चौपट-पाचपट असला तरी किलोही कमी लागतात, म्हणून एकूण खर्च दुपटी-तिपटीच्या दरम्यान येतो.

अडचण वेगळीच आहे. या ग्रेडला उष्णता देऊन ताकद आणलेली असते, आणि वेल्डिंगच्या आचेनं जोडाजवळची ती ताकद निम्म्यावर येते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प बोल्टनं किंवा रिव्हेटनं जोडायचा, वेल्डनं नाही. त्यातही बोल्टची भोकं पाईपच्या उभ्या बाजूला, मध्यभागी, खालच्या अंगाला नव्हे. उद्यमनगरात लोखंडाचं काहीही एका दिवसात करून मिळतं, पण "वेल्ड मारू नका, बोल्टच लावा" हे पटवायला मला तीन दुकानं फिरावी लागली. तिसऱ्यानं खिडकीचा सेक्शन काढून दाखवला. तो एक-सव्वा मिलिमीटर जाडीचा, मऊ ग्रेडचा. त्यावर पडदे लावावेत. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा तिप्पट लवचीक, त्यामुळं तेवढीच ताकद असूनही चाकाखाली ते जास्त खचतं. मोडत नाही, पण पहिल्यांदा चढवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि ओल्यात लोखंडी हुक थेट अ‍ॅल्युमिनियमला लागला तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं; मध्ये रबराची पट्टी घाला.

फळीचं दोन वाक्यांत आटपतो. साल लाकडाची अडीचशे मिलिमीटर रुंद फळी हाच भार पेलायला तीन इंच जाड लागते, आणि तशी एक फळी तेहतीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे वजन चॅनेलचं, आणि पावसात वर शेवाळ फुकट.

ट्रेलरलाच बिजागरीनं जोडलेला, उभा होणारा रॅम्प हवा असेल तर वेगळा विचार करावा लागतो. तो उचलून न्यायचा नसतो, फक्त वर ढकलायचा असतो, त्यामुळं निम्मंच वजन हातावर येतं. स्प्रिंग लावली तर त्याहून कमी. पण तो कायम ट्रेलरच्या शेपटाला लोंबतो आणि रस्त्यावर वारा धरतो. बिजागरीच्या पिना झिजल्या की खडखडाट सुरू. एकच यंत्र आणि एकच ट्रेलर असलेल्या, वयानं मोठ्या माणसानं हा घ्यावा. माझ्यासारख्या दोन ट्रेलर फिरवणाऱ्याला सुटी जोडीच बरी.

पृष्ठभागासाठी बहुतेक जण चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, मागतात, कारण ती रुबाबदार दिसते. पाच मिलिमीटरची, तीस सेंटिमीटर रुंद, २.१ मीटर लांब पट्टी एकटीच पंचवीस किलोच्या पुढं जाते. आख्ख्या रॅम्पपेक्षा जास्त. वर काळ्या रानाचा चिखल बसला की तिच्या नक्षीचा उपयोग संपतो. त्यापेक्षा अँगल उलटा, कोपरा वर करून बसवा. टायरच्या गुट्ट्या त्यात अडकतात, चिखल खाली गळून पडतो. दोन पायऱ्यांत पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, पुढची लहान चाकं अडकून दणके खातात.

पण मला घाम फोडला तो हुकानं, पाईपनं नव्हे. पहिल्या जोडीला वर नुसती वाकवलेली पट्टी होती, हौद्याच्या कडेवर टेकायची. एका सकाळी दव पडलेलं. मागचं चाक रॅम्पवर आलं, मी क्लच जरा झटक्यात सोडला आणि रॅम्प मागं सरकला. चाक पुढं जाताना पायाखालच्या वस्तूला मागं ढकलतंच, त्यात नवल काही नाही. पट्टी कडेवरून निसटायला दोन बोटं उरली होती तेवढ्यात भाचा ओरडला. मी जागच्या जागी थांबलो. त्यानं सब्बल घालून रॅम्प अडवला आणि मग हळूहळू खाली आलो. तेव्हापासून हुकात आरपार सोळा मिलिमीटरची पिन आणि पिनेला साखळी. पिन लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हा आमच्याकडं नियम आहे.

दुसरं म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकाला टेकू. यंत्राचं वजन शेपटावर आलं की ट्रेलर मागं बसतो आणि पिकअपचा मागचा भाग उचलतो. सहा मीटरच्या पाईपमधून २.१ चे दोन तुकडे निघाले की १.८ मीटरचा तुकडा उरतो. जोडीला चार बाजू, म्हणजे दोन पाईप आणि असे दोन तुकडे. दुकानातच सोडून येऊ नका, त्यांतूनच दोन टेकू होतात.

रॅम्प हातात आला की पैसे देण्याआधी एक तपासणी करा. दोन्ही टोकांखाली लाकडाचे ठोकळे ठेवा, बाजूच्या पाईपला लागून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणा आणि मध्यभागी युरियाची सहा पोती रचा. पोतं ४५ किलोचं, म्हणजे २७० किलो. एका चाकाचा भार झाला. माझा बॉक्स पाईपचा रॅम्प तेव्हा पाच मिलिमीटर खाली गेला. अ‍ॅल्युमिनियमचा असता तर आठेक गेला असता. खाली किती जातो यापेक्षा पोती काढल्यावर दोऱ्याला परत लागतो का ते बघा. एक मिलिमीटर जरी खालीच राहिला, तर पाईप कमी जाडीचा आहे किंवा वेल्ड सुटायला लागलाय. मेस्त्रींनी माझ्यासमोर पोती उतरवली, वाकून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "लागला बघा." मग दोरा गुंडाळून खिशात घातला आणि राहिलेले पैसे मागितले.