रग्बी लीगच्या फॉरवर्डसाठी मऊ हेडगिअर: पैसे वसूल, पण कानांपुरते

रग्बीत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत, खेळणाऱ्याने मऊ फोमचं हेडगिअर (डोक्यावरची संरक्षक टोपी) जरूर घ्यावं, फक्त ते कशासाठी घेतोय हे आधी पक्कं असू द्यावं. कान, कपाळ आणि टाळूची कातडी यांची राखण ते चोख करतं. मेंदूची करत नाही. सिडनीच्या पॅरामॅटा-वेस्टमीड पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. तिथे पोराने रग्बी लीगमध्ये नाव घातलं की आईवडील "डोक्याला काही व्हायला नको" म्हणून हेच आधी विकत घेतात. हेतू चांगला, पण अपेक्षा चुकीची.

लीगमध्ये 8 ते 13 क्रमांकाचे खेळाडू फॉरवर्ड असतात: 8 आणि 10 प्रॉप, 9 हुकर, 11 आणि 12 सेकंड रो, 13 लॉक. रग्बी युनियन या भावंड खेळातल्यांचे कान स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड डोकी अडकवून एकमेकांना रेटतात तेव्हा, चुरगळतात. लीगमधला स्क्रम आता नावापुरताच उरलाय, त्यामुळे इथे कान जातात ते टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च स्पर्धेच्या सामन्यात हुकर किंवा लॉक चाळिसेक टॅकल सहज करतो. खांदा समोरच्याच्या बरगडीत किंवा मांडीवर बसतो तेव्हा डोकं त्याच्या कमरेला घट्ट चिकटलेलं असतं. तो गडी पाय मारत पुढे सरकतच असतो, म्हणजे कान दुमडून त्याच्या चड्डीवर घासला जातो. वरून आणखी दोघं येऊन पडले की तोच कान दोन शरीरांच्या मध्ये पिळला जातो. मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या विंगरला हे एका सामन्यात मोजक्या वेळा सोसावं लागतं, प्रॉपला मैदानात असेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी.

कानाच्या कूर्चेवर पातळ आवरण असतं आणि कूर्चेला रक्त मिळतं ते त्यातूनच. घासण्याने आवरण सुटतं, मधल्या पोकळीत रक्त साचतं आणि कान टम्म फुगतो. ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा मरते, कडक गाठी धरतात आणि कान कायमचा फुलकोबीसारखा होतो. म्हणून फुगलेला, दाबल्यावर मऊ लागणारा कान दिसला की एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठावा. नुसतं रक्त काढून भागत नाही, वरून दाबपट्टी बसवावी लागते, नाहीतर तो पुन्हा भरतो. घरी सुई लावण्याचे उद्योग अजिबात नकोत, कूर्चेतला जंतुसंसर्ग महागात पडतो.

हे टाळण्याचा जुना उपाय म्हणजे डोक्याभोवती चिकटपट्टीचे वेढे आणि कानांना व्हॅसलीन. पट्टी स्वस्त पडते, पण घामाने सरकते आणि काढताना केस घेऊन येते. हेडगिअर इथे सरळ जिंकतं. सेकंड रोवर खेळणाऱ्या स्टीव्ह मेंझिसचं हेडगिअर हीच त्याची ओळख होती. ऑस्ट्रेलियातल्या वरच्या श्रेणीत 349 सामने, 180 ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), आणि 2008 च्या अंतिम फेरीत त्याच्या मॅन्ली संघाने मेलबर्नला 40-0 ने धुतलं त्यातही त्याची एक ट्राय. पुढे ब्रॅडफर्ड आणि कॅटलन्स या क्लबांकडून खेळत तो चाळिशीला टेकेपर्यंत मैदानात होता. ही कारकीर्द हेडगिअरमुळे घडली असं कुणी म्हणणार नाही, पण इतकी वर्षं डोक्यावर चढवूनही खेळात अडचण येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आता बांधणी पाहू. मॅडिसन, स्टीडन, कँटरबरी, गिल्बर्ट, कुणाचंही घ्या, रचना साधारण सारखीच: आत ताणलं जाणारं घाम शोषणारं अस्तर, वर फोमचे षटकोनी किंवा चौकोनी तुकडे, कानांवर भोकं, मागे नाडी, हनुवटीखाली वेल्क्रोची पट्टी. तुकडे सुटे असल्यामुळे टोपी डोक्याच्या गोलाईवर वळते आणि मधल्या फटींतून वारा जातो. फोम सेंटिमीटरभर जाडीचा असतो. युनियनमध्ये वर्ल्ड रग्बी या संघटनेचा नियमच आहे की नेहमीच्या हेडगिअरची जाडी 10 मिलिमीटरपर्यंतच, फार तर 2 मिलिमीटरची सूट. पुण्या-मुंबईत रग्बी खेळणारी मुलं बहुतेक युनियनच्या नियमांनी, सात-सात जणांचं सेव्हन्स खेळतात. त्यांनी वर्ल्ड रग्बीच्या मान्यतेची खूण असलेलंच घ्यावं, नाहीतर पंच उतरवायला लावेल. लीगमध्ये मुख्य अट अशी की अंगावर टणक किंवा दुसऱ्याला इजा होईल असं काही नको.

एवढ्याशा फोमने खरचटणं, मुका मार आणि टाक्यांपर्यंत जाणाऱ्या जखमा कमी होतात. डोक्यावर डोकं आदळलं की मात्र फोम तळापर्यंत दबतो आणि पुढचा धक्का जसाच्या तसा आत जातो. शिवाय कन्कशन (धक्क्याने मेंदूचं काम काही काळ बिघडणं) बऱ्याचदा डोक्याला बसलेल्या हिसक्याने, मेंदू कवटीत गरकन फिरल्याने होतं. त्या फिरण्याला टोपी काय अडवणार? ऑस्ट्रेलियात युनियनच्या कुमार आणि तरुण खेळाडूंवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. हेडगिअर घातलेल्या आणि न घातलेल्या गटांत कन्कशनच्या प्रमाणात फरक दिसला नाही. नेहमीपेक्षा जाड फोमचा वेगळा गट होता, त्यालाही फायदा झाला नाही. आता डी3ओसारखी नवी द्रव्यं भरलेली महागडी हेडगिअर मिळतात आणि खोक्यावर धक्का इतके टक्के कमी होतो असे आकडे असतात. ते आकडे प्रयोगशाळेत नकली डोकं आपटून काढलेले असतात, सामन्यातली कन्कशन मोजून नव्हे. आमच्या मते त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

हा मुद्दा एवढा ताणण्याचं कारण असं की फॉरवर्डची कारकीर्द कानांवरून नाही, डोक्यावरून संपते. सिडनी रूस्टर्स संघाचा कर्णधार बॉइड कॉर्डनर, तीन विजेतेपदं मिळवलेला सेकंड रो, 2021 मध्ये वयाच्या 29 व्या वर्षी डोक्याच्या दुखापतींमुळे निवृत्त झाला. कँटरबरी क्लबचे जुने फॉरवर्ड आणि पुढे प्रशिक्षक झालेले स्टीव्ह फोक्स 2018 मध्ये गेले, त्यांच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई हा ऱ्हासाचा आजार आढळला. 2023 पासून एनआरएलमध्ये कन्कशन ठरल्यावर सामान्यतः 11 दिवस सक्तीची विश्रांती असते. क्लब पातळीवरच्या आणि शाळकरी खेळाडूंसाठी ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टची मार्गदर्शक तत्त्वं आणखी कडक आहेत: लक्षणं पूर्ण थांबल्यावर 14 दिवस गेल्याशिवाय अंगावर जाणारा सराव नाही, आणि दुखापतीपासून किमान 21 दिवस सामना नाही. हेडगिअर होतं म्हणून यातला एकही दिवस कमी होत नाही. सगळ्यात घातक म्हणजे टोपी चढवल्यावर डोकं पुढे करून टॅकल करणारं पोर. प्रशिक्षकाने ते पहिल्याच सरावात मोडून काढावं.

मापाबद्दल. कपडे घेताना आपण वाढत्या अंगाचं माप घेतो, इथे ते चालत नाही. टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा आणि त्या कंपनीच्याच तक्त्यात माप पाहा. एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या स्मॉलएवढं निघू शकतं. दोन मापांच्या सीमेवर असाल तर लहान घ्या, कारण घामाने अस्तर सैल पडतं. दुकानात घालून नाडी आवळा, पट्टी लावा, मग दुसऱ्या माणसाला टोपी पकडून डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा. टोपीबरोबर कपाळाची कातडी हलली तर बसली, टोपी एकटीच फिरली तर परत ठेवा. सैल टोपी टॅकलमध्ये डोळ्यांवर येते आणि कानाचं भोक कानावरून सरकून त्याची कडच कानाला कापते, म्हणजे जे टाळायला घेतली तेच होतं. माउथगार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) तोंडात ठेवून पट्टी तपासायला विसरू नका, जबडा थोडा उघडलेला असताना ती गळ्याला काचू शकते.

ऐकू येण्याचा प्रश्न खरा आहे. लहान भोकांच्या टोपीत आवाज दबतो आणि शेजारच्या गड्याची हाक चुकली की बचावाची रांग एका माणसाने उघडी पडते. हुकरने तरी मोठ्या भोकांचीच घ्यावी.

बिघाड बहुतेक तीनच ठिकाणी होतो. वेल्क्रोत गवत आणि धागे अडकून पकड जाते, जुन्या दातघासणीने विंचरलं की परत येते. पट्टीचा खरखरीत भाग आतून असेल तर हनुवटी सोलून निघते, मऊ बाजू कातडीकडे येईल असंच मॉडेल निवडा. तिसरं म्हणजे फोम दबणं: कानावरचा तुकडा अंगठ्याने चेपून सोडा, खड्डा लगेच भरला नाही तर टोपी संपली समजा. नियमित खेळणाऱ्या फॉरवर्डची एक हंगाम, फार तर दोन टिकते. धुताना गार पाणी, सौम्य साबण, हाताने, आणि सावलीत वाळवण. ड्रायर आणि उन्हात तापलेल्या गाडीची डिकी यांनी गोंद सुटतो. ओली टोपी किटबॅगेत कोंबून ठेवली की वास तर येतोच, कपाळावर पुरळही उठतं.

प्रॉपसाठी एक जास्तीचा सल्ला. एनआरएलने 2016 मध्ये सामन्यात खेळाडू बदलण्याची मुभा 10 वेळांवरून 8 वर आणली, तरी प्रॉप अजूनही बहुधा दोन हप्त्यांतच खेळतो. बाकावर बसल्यावर भिजलेली टोपी काढून दुसऱ्या हप्त्याला कोरडी घालता आली तर ती सरकत नाही. दोन स्वस्तातल्या टोप्या एका भारीपेक्षा बऱ्या.

साधं हेडगिअर 100 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत मिळतं. खिशात एकाच वस्तूचे पैसे असतील तर मात्र आधी दंतवैद्याकडून दातांच्या साच्यावर बनवलेला माउथगार्ड घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा दुकानातला माउथगार्ड चावताना हमखास कुठेतरी पातळ होतो, आणि नेमका तिथेच दात तुटतो. ऑस्ट्रेलियन डेंटल असोसिएशनचा कौलही साच्यावर बनवलेल्यालाच आहे. खांद्याचे पॅड हौसेचा मामला, मुका मार कमी बसतो इतकंच.

नवी टोपी थेट सामन्यात नको. तीन-चार सरावांत घाला, नाडी प्रत्येक वेळी थोडी आवळत न्या, आणि योग्य ताण सापडला की तिथे दुहेरी गाठ मारून उरलेली नाडी कापून टाका. लोंबती नाडी टॅकलमध्ये कुणाच्या तरी बोटात अडकते.